तिसरी घंटा घरातच वाजवायची

मागच्या अंकात घरबसल्या बघता येणाऱ्या चित्रित नाटकांबद्दल लिहिलं होतं, आणि त्यात ‘स्विनी टॉड’ या अमेरिकन संगीत नाटकाचं नाव घेतलं होतं. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं त्याच एका नाटकाबद्दल आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून या वेळी फक्त हेच घेतेय. ज्यांनी अजून बघितलं नाही त्यांच्यासाठी शेवटचं रहस्य फोडलेलं नाही, बिनधास्त वाचा.

ताई, तुमचं वाचून आम्ही मुलाने अमेरिकेहून आणलेली डीव्हीडी लावली, १९८२ची, अँजेला लॅन्सबरी आणि जॉर्ज हर्न असलेली. मी आणि हे, दोघंही जुने नाटकवाले, तालीम बघायलासुद्धा जाणारे. पण २० मिनिटांत बंद केलं. सगळे केवढ्या मोठ्याने बोलतात, चेहऱ्यावरचे रंगाचे थर दिसतात, आणि मधेच घोळका येऊन आपल्याकडे बघून गायला लागतो. दुसऱ्या दिवशी परत लावलं तर माणसांच्या मांसाचं काहीतरी गाणं चालू आणि तिथले प्रेक्षक खो खो हसतायत. आम्हाला जराही हसू आलं नाही, उलट कसंतरीच झालं. आमचं काही चुकतंय का? (एक वाचक, नाशिक)

चुकत काहीच नाही, पण तुम्ही ते तोडून तोडून बघितलंत आणि या नाटकाला तेवढं एकच चालत नाही. जरा सविस्तर सांगते.

आधी गोष्ट थोडक्यात. लंडनमधला एक न्हावी, बायको सुंदर, लहान मुलगी. जजची नजर त्या बायकोवर पडते आणि तो या माणसाला खोट्या आरोपात अडकवून काळ्या पाण्यासारखं ऑस्ट्रेलियाला पाठवून देतो. १५ वर्षांनी तो नाव बदलून परत येतो, स्विनी टॉड म्हणून. त्याच्या जुन्या खोलीच्या खाली मिसेस लव्हेट नावाच्या बाईचं पाईचं दुकान आहे (पाई म्हणजे मैद्याच्या पारीत मांसाचं सारण भरून भाजतात ती, आपल्या करंजीची मोठी गोल बहीण म्हणा). तिचा धंदा बसलाय कारण मांस परवडत नाही. याच्याकडे वस्तरा आहे आणि सूड आहे, तिच्याकडे भट्टी आहे. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

संगीत आणि गीतं स्टीफन सोंडहाइमची, संवाद ह्यू व्हीलरचे, दिग्दर्शन हॅरॉल्ड प्रिन्सचं. १ मार्च १९७९ला न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर (तिथल्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांची वस्ती) उघडलं, त्या वर्षीची आठ टोनी अवॉर्ड्स (अमेरिकन रंगभूमीची सगळ्यात मानाची बक्षिसं) घेतली, ५५७ प्रयोग झाले. मूळ स्विनीची भूमिका लेन कॅरिओची होती, जॉर्ज हर्न नंतर आला आणि मिसेस लव्हेट झालेल्या लॅन्सबरीबाईंबरोबर दौऱ्यावर गेला, तो दौरा लॉस एंजेलिसमध्ये असताना प्रेक्षकांसमोर कॅमेरे लावून हे चित्रीकरण झालं. म्हणजे तुम्ही बघितलंत तो सिनेमा नाही, स्टुडिओही नाही, प्रयोग आहे. बाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, आणि त्या ज्या चपळाईने त्या दुकानात पीठ मळत, झुरळं मारत, एका श्वासात गात फिरतात ते बघून मी पहिल्यांदा उठून उभी राहिले होते.

आता तुमचा मोठ्याने बोलण्याचा मुद्दा. हे नाटक ज्या थिएटरमध्ये उघडलं ते ब्रॉडवेवरचं सगळ्यात मोठं, सुमारे १९०० खुर्च्यांचं. तिथल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला भुवई उडालेली दिसली पाहिजे या हिशोबाने तो अभिनय बांधलाय, दौऱ्यावरची थिएटरंही काही छोटी नव्हती, आणि कॅमेरा मात्र जाऊन बसतो पहिल्या रांगेच्याही पुढे, नटाच्या नाकासमोर. आपणही पहिल्या रांगेत बसलो की घाम आणि रंग दिसतोच की, तरी पाच मिनिटांत विसरतो कारण आजूबाजूला अंधार असतो आणि उठून जाता येत नाही. घरी ट्यूबलाइट चालू, शेजारी मोबाईल, हातात रिमोट, मग तो रंग रंगच राहतो. तुम्ही फक्त एवढं करा, टीव्हीपासून नेहमीपेक्षा चार पावलं लांब बसा आणि दिवे घालवा. मला स्वतःला या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही.

तो घोळका. तुम्ही जुने नाटकवाले आहात म्हणून सांगते, ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. १९७२ साली पुण्यात तेंडुलकरांच्या त्या नाटकात जब्बार पटेलांनी माणसांची भिंत उभी केली, तीच भिंत गाणार, तीच नाचणार, तीच बघून न बघितल्यासारखं करणार. तेव्हा कोणी विचारलं नाही की ही माणसं मधेच का येतात. इथेही तेच आहे. तो घोळका म्हणजे लंडन शहर आहे, आणि ते तुमच्याकडे बघून गातं कारण ते म्हणतंय की या माणसाची गोष्ट नीट ऐका, हा तुमच्यातलाच आहे. दोन्ही नाटकांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आपल्याकडचा ज्याने घाशीराम बघितलाय त्याला हे समजायला जड जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि आता हसण्याचं, जे खरं महत्त्वाचं आहे आणि ज्याच्यासाठी मी एवढं लांबण लावलंय. पहिल्या अंकाच्या शेवटी तीन गाणी एकाला एक लागून येतात. पहिल्यात जज स्विनीच्या खुर्चीत बसलेला असतो, गळा उघडा, वस्तरा हातात, आणि नेमकं त्याच क्षणी कोणीतरी दार उघडून आत येतं आणि जज निसटतो. त्यानंतर स्विनीचं डोकं फिरतं. तो रंगमंचाच्या टोकाशी येऊन थेट प्रेक्षकांना बोलावतो, या, बसा, तुमची दाढी करतो, कारण सगळेच मरायच्या लायकीचे आहेत. हर्न हे असं करतो की अंगावर काटा येतो, आणि मग मधेच त्याला मुलीची आठवण येऊन आवाज फुटतो. हे संपतं न संपतं तोच मिसेस लव्हेट अगदी घरगुती आवाजात विचारते, ते वर प्रेत पडलंय त्याचं काय करायचं? आणि सुरू होतो एक वॉल्ट्झ (तीन मात्रांची पाश्चात्त्य नाचाची चाल), झोपाळ्यासारखा, दोघं कुठल्या धंद्याचा माणूस चवीला कसा लागेल याच्या कोट्या करतायत.

प्रेक्षक हसतात कारण ते आत्ता दोन मिनिटांपूर्वी भयंकर घाबरलेले असतात. ते हसू सुटकेचं आहे. आणि हसता हसता ते त्या दोघांच्या बाजूचे होऊन जातात, आपण काय कबूल केलं ते त्यांना मध्यंतरात चहा पिताना कळतं. तुम्ही आदल्या दिवशी बंद केलंत आणि दुसऱ्या दिवशी थेट त्या गाण्यावर येऊन पडलात, म्हणजे भीती न चाखता नुसतं हसू तुमच्या वाट्याला आलं, दुसऱ्याचं, मग ते किळसवाणंच वाटणार. मी पहिल्यांदा हे एकटीने बघितलं होतं रात्री, आणि मलाही हसू आलं नव्हतं. पुढे एकदा आमच्याकडे सहा जण जमून बघितलं, तेव्हा त्या वॉल्ट्झला आमच्यातल्या सगळ्यात गंभीर बाई आधी फुटल्या आणि मग सगळेच, आणि गाणं संपताना तो हातातला सुरा उंचावतो आणि ती लाटणं, तेव्हा खोलीत एकदम शांतता. चहा टाकायला पण कोणी लगेच उठलं नाही.

तर परत बघा. पण सुरुवातीपासून, आणि पहिला अंक कुठेही न थांबवता. मध्यंतर त्यांनी जिथे दिलंय तिथेच घ्यायचं. सगळं मिळून साधारण दोन तास वीस मिनिटांचं आहे, जेवणं आधी उरका, आणि जमलं तर दोन-चार माणसं बोलवा. आमच्या घरी मी खरंच ताटली वाजवून तीन घंटा देते, तिसरीनंतर बोलायचं नाही.

आमच्या डीव्हीडीत मधे मधे अतिशय कर्कश शिट्टी वाजते, पहिल्यांदा आईला वाटलं कुकर लागलाय. डिस्क खराब आहे का? बदलून घ्यावी का? (सांगली)

डिस्क उत्तम आहे! ती कारखान्याच्या भोंग्याची शिट्टी आहे आणि मुद्दाम एवढी कानात घुसणारी ठेवलीय. नाटक ऑर्गनने सुरू होतं, देवळातल्यासारखं, मरणाच्या घरातल्यासारखं, आणि मग ती शिट्टी. पुढे वस्तरा चालला की परत तीच.

प्रिन्सला नुसती सुडाची गोष्ट करायची नव्हती, त्याला कारखानदारीने माणसाचं काय केलं ते दाखवायचं होतं, म्हणून नेपथ्यकार युजीन लीने रंगमंचावर अख्खा लोखंडी कारखाना उभा केला, ऱ्होड आयलंडमधल्या खऱ्या ओतशाळेचे जुने भाग आणून, तुळया, पत्रे, जिने. त्या अवाढव्य लोखंडाच्या मधोमध मिसेस लव्हेटचं दुकान म्हणजे चाकांवर फिरणारी एक छोटी पेटी, खाली दुकान, वर न्हाव्याची खोली. तिकडे इमारत केवढी आणि माणसं केवढीशी. आणि उघडण्याआधीचा पडदा होता त्यावर क्रुकशँक या इंग्रज व्यंगचित्रकाराचं जुनं चित्र, ब्रिटिश समाजाचं मधाचं पोळं, वरती राणी आणि खाली खाली कामकरी. हे लक्षात ठेवून बघितलं की कळतं, तिथे माणूस माणसाला खातो हे त्या दोघांनी शोधून काढलेलं नाही, ते आधीपासूनच चाललंय, यांनी फक्त भट्टी पेटवली.

आईंना सांगा की शिट्टी वाजली की कोणीतरी गेलं असं समजायचं.

शब्द अजिबात कळत नाहीत. इंग्रजी माझं चांगलं आहे, तरीही. तीन माणसं एकदम तीन वेगवेगळी गाणी गातात तेव्हा कोणाचं ऐकायचं? (ठाणे)

हे सोंडहाइमच्या बाबतीत सगळ्यांचंच होतं, इंग्रजी घरी बोलणाऱ्यांचंही. एकेका ओळीत तीन तीन यमकं, तीही आतल्या आत, आणि वेग असा की श्वास घ्यायला जागा नाही. त्यात लव्हेटबाई लंडनच्या गल्लीतलं इंग्रजी बोलतात. सबटायटल्स असतील तर लावा, त्यात कमीपणा काही नाही. गोष्टीचा सारांश आधी वाचून ठेवा, नाट्यसंगीत ऐकताना आपल्याला कथा माहीत असतेच ना, म्हणून तर आपण तानेकडे लक्ष देऊ शकतो.

आवाजाचं मात्र थोडं बघा. भिंतीवर लावलेल्या चपट्या टीव्हीचे स्पीकर बऱ्याचदा मागे किंवा खाली तोंड करून असतात, त्यातून शब्द भिंतीवर आपटून येतात. साधा साउंडबार किंवा जुने कॉम्प्युटरचे स्पीकर पुढे ठेवलेत तरी उच्चार सुटे होतात, एकटे बघत असाल तर चांगले हेडफोन. आणि एक, हे रेकॉर्डिंग जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं आहे, नवीन टीव्ही ते ताणून रुंद करतो आणि सगळी माणसं बुटकी जाडी दिसतात, सेटिंगमध्ये जाऊन ४:३ करा. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या.

एकदम गाण्याबद्दल: सगळं ऐकायचा प्रयत्नच करू नका, एकाला धरा. दुसऱ्या अंकात मुलीच्या नावाचं एक गाणं आहे, जोहाना, चौघांच्या आवाजात. तिचा प्रियकर तिला शोधत फिरतोय आणि स्विनी दाढी करतोय. अख्ख्या नाटकातली सगळ्यात हळवी चाल, अंगाईसारखी, आणि त्या चालीवर एकामागून एक गिऱ्हाईकं येतात, खुर्चीत बसतात, गळा, आणि खुर्ची मागे कलते आणि माणूस खाली घसरत भट्टीघरात. तो रागात नाहीये. तो मुलीचा विचार करतोय, आता तिला विसरलो तरी चालेल असं म्हणतोय, हात आपोआप चाललेत. मला विचाराल तर या नाटकातली सगळ्यात भीतिदायक जागा ही आहे, रक्तामुळे नाही, चालीमुळे. तिथे शब्द नाही कळले तरी काही बिघडत नाही, फक्त स्विनीचा चेहरा बघत राहा. हर्नला याच भूमिकेसाठी पुढे एमी अवॉर्ड, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं बक्षीस, मिळालं.

मुलगा १२ वर्षांचा आहे, गाण्याचं वेड आहे, पियानो शिकतो. त्याच्याबरोबर बघितलं तर चालेल का? (पुणे)

माझं मत, नाही, अजून तीन-चार वर्षं थांबा. गळे चिरणं तर आहेच, पण मला त्याची काळजी कमी वाटते, रंगमंचावरचं रक्त मुलांना खोटं म्हणून लगेच ओळखू येतं. पण न्हाव्याच्या बायकोला जज मेजवानीला बोलावतो आणि मुखवटे घातलेल्या लोकांच्या गर्दीत तिच्यावर अत्याचार होतो आणि ते सगळे हसत बघतात, हा भाग आहे. पुढे जज त्या न्हाव्याच्याच मुलीशी लग्न करायचं ठरवतो जिला त्याने वाढवलंय. हे १२ वर्षांच्या मुलाला समजावून सांगायला तुम्हाला नाटक थांबवावं लागेल, आणि थांबवू नका हे मी वर घसा फोडून सांगितलंय.

गाणी ऐकवा की मात्र, नुसती. पियानो शिकतोय तर त्याला एक गंमत शोधायला सांगा, चर्चमध्ये मृतांसाठी गायची एक फार जुनी लॅटिन धून आहे, ‘दिएस इरे’, तिचे सूर सोंडहाइमने या संगीतात ठिकठिकाणी लपवलेत, कधी उलटे करून कधी पळवून. तो शोधेल बघा.

सिनेमा बघितलाय जॉनी डेपचा. मग नाटक कशाला? आणि बघायचंच तर कुठलं, दोन-तीन आहेत म्हणे. (बेळगाव)

२००७चा तो टिम बर्टनचा सिनेमा मला आवडतो, पण त्यात शहराचा घोळका गात नाही, ती सुरुवातीची आणि मधून मधून येणारी गाथा गाळलीय. त्यामुळे ती एका दुःखी माणसाची गोष्ट होते, जवळून कुजबुजत सांगितलेली. नाटकात ती शहराची गोष्ट आहे. शिवाय डेप आणि हेलेना बोनहॅम कार्टर यांचे आवाज कॅमेऱ्यासाठी आहेत, हर्नचा आवाज छपराला लागतो.

चित्रित प्रयोगांमध्ये १९८२चंच पहिलं, कारण मूळ दिग्दर्शकाचं मूळ नेपथ्य आणि मूळ लव्हेट त्यातच आहे. प्रिन्स २०१९ला गेला, सोंडहाइम २०२१ला, लॅन्सबरीबाई २०२२ला. आता हे एवढंच हातात आहे. त्यानंतर वाटलं तर २०१४चं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं, ब्रिन टर्फेल आणि एमा थॉम्पसनचं. ते कॉन्सर्ट म्हणून सुरू होतं, सगळे छान कपड्यांत स्वरलिपीची पुस्तकं घेऊन उभे, आणि मग पहिल्याच गाण्यात ती पुस्तकं फेकून देतात आणि पियानो उलथून टाकतात. टर्फेल ऑपेराचा गायक आहे, आवाज असा की खुर्ची हादरते, पण त्याच्या स्विनीची मला भीती वाटली आणि हर्नच्या स्विनीची दया आली, आणि मला दया आलेली जास्त दिवस पुरली.

ही गोष्ट खरी घडली होती का? (अनेक जणांनी विचारलंय)

नाही. १८४६-४७ साली लंडनमध्ये आठवड्याला एक पेनी देऊन मिळणाऱ्या स्वस्त भयकथा असायच्या, त्यातल्या एका मालिकेत हा न्हावी पहिल्यांदा आला. तिथे तो नुसता लोभी होता, गिऱ्हाइकांना लुटायला मारायचा. त्याला जज, बायको, अन्याय हे सगळं १९७०च्या दशकात ख्रिस्तोफर बाँड या नाटककाराने दिलं, सोंडहाइमने ते नाटक लंडनला बघितलं आणि तिथून हे म्यूझिकल निघालं. गाइडने लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर (गोष्टीतला स्विनीचा रस्ता) दुकान दाखवलं तर फोटो काढा, विश्वास ठेवू नका.

शेवटी मेलेली माणसं परत उठून गातात, आणि स्विनी आपल्याकडे टक लावून बघतो आणि दार आपटतो. आमच्या घरी सगळे म्हणाले हे काय, संपलं का? (औरंगाबाद)

संपलं, हो. सगळे परत घोळक्यात येतात, मारणारे आणि मेलेले एकाच ओळीत, आणि गात गात बोटं दाखवतात, तो तिथे आहे, तुमच्या शेजारी आहे. मग एकेक जण निघून जातो आणि शेवटी तो एकटा उरतो, आपल्याकडे बघतो, आणि ते लोखंडी दार आपल्या तोंडावर बंद करतो.

थिएटरमध्ये त्यानंतर अंधार होतो आणि त्या अंधारात दोन क्षण कोणालाच टाळ्या सुचत नाहीत. घरी तो अंधार टिकत नाही, लगेच मेनू येतो नाहीतर दुसरं काहीतरी आपोआप सुरू होतं, तेवढं आपोआप सुरू होणारं आधीच बंद करून ठेवा. रिमोट टेबलावर पालथा. आणि दिवा कोणी लावायचा ते मध्यंतरातच ठरवून घ्या, म्हणजे दार आपटल्या आपटल्या कोणी उठणार नाही.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवा, या वेळी मागे राहिलेले संगीत नाटकांच्या जुन्या ध्वनिफितींबद्दलचे प्रश्न आधी घेईन.